छपरावरील छत्री

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया, तहनामे आणि सनावळ्या उभ्या राहतात. घरांतील साध्या वस्तूंनाहि इतिहास असतो, आणि पुष्कळदां तो राजांच्या इतिहासापेक्षां आपल्या जिण्याशीं अधिक निगडित असतो, ही गोष्ट सर्वांस मान्य असूनहि आपण सहसा तिकडे वळत नाहीं. कंदील, घड्याळ, शिवणाचें यंत्र, रेडिओ, यांपैकीं प्रत्येकानें मराठी कुटुंबाची दिनचर्या पालटली. परंतु त्या पालटाची बखर लिहावयास कोणी बखरकार बसला नाहीं. अशाच एका वस्तूचा वृत्तांत येथें सांगावा, आणि तिची निवड करितांना सुज्ञ गृहस्थानें कोणता विचार करावा हें त्या वृत्तांतावरूनच काढून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती वस्तु म्हणजे घराच्या छपरावर आकाशाकडे तोंड करून बसलेली दूरचित्रवाणीची थाळी. शहरांतील लोक तिला डिश म्हणतात. खेड्यापाड्यांत पुष्कळ ठिकाणीं छत्री म्हणतात. नेहमीची छत्री वरून येणारें पाणी अडविते. ही छत्री उलटी धरलेली असून वरून येईल तें झेलते. हें नांव ज्यानें प्रथम योजिलें त्यास भूमिति येत असेलच असें नाहीं, परंतु त्याची नजर अचूक होती, हें पुढें दिसून येईल.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. गोंदिया जिल्ह्यांतील तिरोडा हें वैनगंगेच्या खोऱ्यांतील, धानाच्या बांध्यांनीं वेढलेलें तालुक्याचें ठिकाण. मुंबई-हावडा लोहमार्ग त्यावरून जातो. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत हा तालुका भंडारा जिल्ह्यांत होता. एका अंगास मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा, पूर्वेस थोड्या अंतरावर छत्तीसगड, दक्षिणेस नागझिऱ्याचें अरण्य. घरांत झाडीबोली किंवा पोवारी, शाळेंत मराठी, बाजारांत हिंदी, असा येथील भाषाव्यवहार. गांवाजवळ ३३०० मेगावॅट क्षमतेचें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे. म्हणजे आधुनिक यंत्रयुग दाराशीं आलेलें आहे, पण राजधानी आठशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. अशा सीमेवरील गांवास आकाशांतून काय मिळालें व काय मिळालें नाहीं, याचा हिशेब मांडला असतां सबंध विषयाचें मर्म हातीं येतें.

प्रथम छत्रीचें तत्त्व पाहूं. तें दोन हजार वर्षांहून जुनें आहे. परवलयाच्या आकाराच्या आरशावर समांतर किरण पडले तर ते सर्व एका बिंदूंत येऊन मिळतात, हें डायोक्लीझ नामक ग्रीक गणितज्ञानें दाहक आरशांवरील आपल्या ग्रंथांत सिद्ध केलें. प्रकाशास जो नियम लागू तोच विद्युच्चुंबकीय लहरींसहि लागू आहे, याची प्रचीति १८८८ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यानें जस्ताचा पत्रा परवलयाकार वांकवून आणून दिली. पुढें अमेरिकेंत ग्रोट रीबर या तरुण अभियंत्यानें १९३७ सालीं घराच्या परसांत सुमारें साडेनऊ मीटर व्यासाची थाळी स्वतः उभारली, आणि आकाशगंगेंतून येणाऱ्या रेडिओ-लहरी तिनें टिपल्या. घरगुती थाळीचा मूळ पुरुष शोधावयाचा झाल्यास तो हाच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रास ही विद्या परकी नाहीं. पुणें जिल्ह्यांतील एकट्या जुन्नर तालुक्यांत तिचीं दोन मोठीं स्थानें आहेत. आर्वी येथें १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत परदेशीं दळणवळणासाठीं उपग्रह-केंद्र उभें राहिलें व त्यास विक्रम साराभाई यांचें नांव देण्यांत आलें. त्याच तालुक्यांतील खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय रेडिओ-दुर्बीण गेल्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. खोडदच्या थाळ्या भरीव पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत, हें पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानांत येतें. याचें कारण साधें आहे. लहरीची लांबी जाळीच्या छिद्राहून पुष्कळ मोठी असली कीं त्या लहरीला जाळी ही भिंतच वाटते. वाऱ्याला मात्र ती वाट देते. हा नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. घरची छत्री निवडतांना त्याचा उपयोग होणार आहे.

आतां आकाशाकडे वळूं. १९४५ सालच्या ऑक्टोबरांत आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानें 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत एक कल्पना मांडली. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या पदार्थाला एक प्रदक्षिणा करण्यास पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून जमिनीवरून तो आकाशांत खिळल्यासारखा दिसतो. तेथें प्रक्षेपक ठेवला तर तीन ठाण्यांत जवळजवळ सर्व पृथ्वी आटोपतां येईल, असें त्याचें गणित होतें. त्याकाळीं ही कल्पना स्वप्नवत् वाटली. तीस वर्षांच्या आंत ती भारतीय खेड्यांत उतरली.

हें उतरविण्याचें श्रेय प्रथम डॉ. विक्रम साराभाई यांचें. शहरांपासून आरंभ करून कांहीं दशकांनीं खेड्यांपर्यंत पोहोंचण्याऐवजीं उपग्रहाच्या साह्यानें एकदम खेड्यांतच जावें, हा त्यांचा आग्रह होता. १९७१ च्या डिसेंबरांत त्यांचें निधन झालें. तथापि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एक वर्ष हा प्रयोग चालला. 'साइट' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याचें व्यवस्थापन ज्यांच्याकडे होतें ते प्रा. एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरचे. उपग्रह अमेरिकन, 'एटीएस-६' नांवाचा. त्याचा विशेष असा कीं, अवकाशांत गेल्यावर त्यानें सुमारें नऊ मीटर व्यासाची जाळीची छत्री उलगडली. इतकी मोठी छत्री वर होती म्हणूनच खालीं तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीच्या स्वस्त छत्रीवर भागलें. लहरीची लांबी सुमारें ३५ सेंटिमीटर होती, त्यामुळें जाळी पुरेशी झाली. सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत गांवास एक याप्रमाणें असे संच बसले. शाळेंत किंवा चावडीवर मुलें सकाळीं व शेतकरी सायंकाळीं त्यांपुढें बसत.

या प्रयोगाच्या दोन उपकथा मनोरंजक आहेत. क्लार्क साहेब त्यावेळीं कोलंबो येथें राहत असत. भारतीय अभियंत्यांनीं त्यांच्या घरीं जाऊन एक संच बसवून दिला. ज्यानें कल्पना केली त्याच्याच छपरावर तिचें फळ अशा रीतीनें येऊन पोहोंचलें. दुसरी गोष्ट इंग्लंडांतील शेफिल्ड येथील. तेथील स्टीफन बर्किल नामक अभियंत्यानें घरीं तयार केलेल्या थाळीवर भारतीय खेड्यांसाठीं सोडलेलीं चित्रें टिपलीं. भारतांतील शेतकऱ्यासाठीं निघालेला संदेश यॉर्कशरमधील एका खासगी घरांत उतरला! लहर एकदां आकाशांतून सुटली कीं ती सीमा ओळखत नाहीं, हें सत्य तेव्हांच उघड झालें.

सीमा ओळखते ती माणसांची योजना. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा व राजस्थान हीं त्या सहा राज्यांचीं नांवें. मध्यप्रदेशांतील निवडलेलीं खेडीं तेव्हांच्या रायपूर, दुर्ग व बिलासपूर भागांतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या शेजारचीं. कार्यक्रम हिंदी, ओरिया, तेलुगु व कन्नड भाषांत होत. महाराष्ट्र त्या यादींत नव्हता. तिरोड्याच्या डोक्यावरून ते तरंग वर्षभर जात होते, शेजारच्या प्रांतांतील चावडीवर चित्रें हलत होतीं. पण तिरोड्यास छत्री नव्हती आणि त्या छत्रींत मराठीहि नव्हती. यांत कोणाचा द्वेष होता असें नव्हे. यादी कोठें तरी संपावी लागते, आणि ती जेथें संपते तेथें सीमेवरचें गांव असतें, एवढाच याचा अर्थ.

पुढील पर्व इन्सॅटचें. ३० ऑगस्ट १९८३ रोजीं 'इन्सॅट-१बी' अवकाशांत गेला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होतें, परंतु त्याचीं चित्रें जमिनीवरील मनोऱ्यांच्या टप्प्यांपुरतींच जात. आतां उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन तो आसपास फेकणारे लहान प्रक्षेपक १९८४ पासून देशभर झपाट्यानें उभारले गेले. या काळांत मोठी थाळी प्रक्षेपण-केंद्राच्या आवारांत असे. घरावर असे ती बांबूला किंवा लोखंडी नळीला बांधलेली, माशाच्या कांट्यासारखी अँटेना. वानरानें उडी मारली कीं तिचें तोंड फिरे, आणि मग एक जण कवेलूंवर चढून ती हलवी व दुसरा आंतून 'आलें, गेलें' असें ओरडे. त्या पिढीस हें सांगावयास नको. चित्र एकच, वाहिनी एकच, निवड कोणाचीहि नाहीं.

निवडीचा प्रश्न उभा राहिला तो १९९१ सालीं. आखाती युद्धाचीं चित्रें परदेशी उपग्रहावरून मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत दिसूं लागलीं आणि त्याच वर्षीं हाँगकाँगहून स्टार टीव्हीचें प्रक्षेपण सुरू झालें. ज्या 'एशियासॅट-१' उपग्रहावरून हें होई त्याचें चरित्र एखाद्या कादंबरीस शोभेल असें आहे. तो मूळचा 'वेस्टार-६'. १९८४ सालीं अवकाशांत सोडतांना वाट चुकला, त्याच वर्षीं अवकाशयानांतून गेलेल्या अंतराळवीरांनीं त्यास परत आणलें, आणि १९९० सालीं चीनच्या अग्निबाणावरून तो पुन्हां वर गेला. त्याच्या लहरी सी पट्ट्यांतल्या, म्हणजे सुमारें साडेसात सेंटिमीटर लांबीच्या. आणि शक्ति मर्यादित. त्यामुळें तो टिपावयास अडीच-तीन मीटरांची थाळी लागे. अशी थाळी सामान्य गृहस्थास न परवडणारी. परंतु आमच्याकडील कल्पक तरुणांनीं तोड काढली. एकानें थाळी उभारावी, तिच्यापासून तार काढून गल्लींतील घरांत फिरवावी आणि दर महिन्यास वर्गणी घ्यावी. केबलवाला हा नवा व्यवसाय यांतून जन्मला. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी टीव्ही सुरू झाला. मुंबई दूरदर्शनच्या आरंभास त्या दिवशीं बरोबर वीस वर्षें पुरीं होत होतीं. सरकारी थाळीच्या शेजारीं गल्लीची थाळी येऊन बसली, तिचा हा मुहूर्त म्हणावयास हरकत नाहीं.

कायदा मागून आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निकाल दिला. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या या वादांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत व त्यांचे सहकारी यांनीं असें ठरविलें कीं, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी, तशीच ती धनिकांच्या हातींहि सोंपवूं नये. तिचें नियमन स्वतंत्र सार्वजनिक संस्थेनें लोकहितार्थ करावें. त्याच वर्षीं केबलचा कायदा झाला. प्रसारभारतीचा कायदा १९९० सालींच झालेला होता. तो १९९७ सालीं अमलांत आला. निकालांतील हें तत्त्व वाचकांनीं मनांत ठेवावें. लेखाच्या अखेरीस आम्ही त्याकडे परत येणार आहों.

आतां छत्री लहान होण्याची कथा. केयू नांवाच्या पट्ट्यांतील लहरी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास असतात. लहर आंखूड असली कीं लहान थाळीहि तिला चांगली एकवटते. शिवाय नव्या उपग्रहांची शक्तिहि वाढली होती. त्यामुळें साठ सेंटिमीटरांची थाळी कोणत्याहि भिंतीवर बसेल असा काळ आला. पण परदेशी भांडवल थेट घरांत शिरेल या शंकेनें केंद्रसरकारनें १९९७ सालीं या पट्ट्यांतील घरपोंच प्रक्षेपणास मनाई केली. २००० सालीं ती उठली, २००३ सालीं पहिली सशुल्क सेवा सुरू झाली, आणि १६ डिसेंबर २००४ रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्तें प्रसारभारतीची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही निःशुल्क सेवा ३३ वाहिन्यांनिशीं चालू झाली. २०१४ सालीं तिचें नांव 'डीडी फ्री डिश' झालें. आरंभीं ती ९५ अंश पूर्व रेखांशावरील परकीय उपग्रहावर होती. २००७ सालीं इन्सॅट-४बी वर जातांच हें स्थान ९३.५ अंशांवर आलें. दीड अंशाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण साठ सेंटिमीटरांच्या थाळीची दृष्टि केयू पट्ट्यांत अवघी तीन अंश रुंद असते, म्हणजे तोंड न फिरविल्यास संकेताची शक्ति जवळजवळ निम्मी व्हावयाची. सध्यां ही सेवा त्याच ठिकाणच्या 'जीसॅट-१५' वरून होते. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजीं सोडण्यांत आला.

या सर्व वृत्तांतांतून एक सूत्र निघतें. वरची छत्री आणि खालची छत्री यांचा एक तराजू आहे. वर शक्ति वाढली कीं खालीं आकार घटतो. आणि खालीं आकार घटला कीं निवड करणारा बदलतो. तीन मीटरांच्या काळीं निवड सरकारनें केली, गांवास एक छत्री. अडीच मीटरांच्या काळीं ती केबलवाल्यानें केली, गल्लीस एक छत्री. साठ सेंटिमीटरांच्या काळीं ती गृहस्थाकडे आली, घरास एक छत्री. स्वातंत्र्य आलें तशी जबाबदारीहि आली. म्हणून आतां व्यवहाराचें बोलूं.

तिरोड्याच्या गृहस्थानें निःशुल्क सेवेसाठीं थाळी घ्यावयाची तर कशी घ्यावी? पहिला प्रश्न आकाराचा. साठ सेंटिमीटरांची थाळी कोरड्या ऋतूंत पुरेशी होते. परंतु केयू लहरीचा मोठा शत्रु पाऊस. साडेसात सेंटिमीटरांच्या लहरीला पावसाचा थेंब जाणवतहि नाहीं. अडीच सेंटिमीटरांच्या लहरीची शक्ति मात्र तो शोषतो व विखुरतो. आणि धानाचा प्रदेश म्हणजे जोरकस पावसाचा प्रदेश. थाळीची झेलण्याची शक्ति तिच्या व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर अवलंबून असते; नव्वद सेंटिमीटरांची थाळी साठाच्या थाळीपेक्षां सव्वादोन पट संकेत झेलते. हा सांठा आषाढाच्या सरींत कामास येतो. ढगफुटीसारख्या पावसांत नव्वदहि हात टेकील. पण साध्या झडींत चित्र टिकेल. मात्र मोठ्या थाळीची दृष्टि अधिक अरुंद, सुमारें दोन अंशांची, व वाऱ्याचा मारा अधिक. म्हणून तिचा खांब भक्कम पाहिजे. कवेलूंच्या उतरत्या छपरावर ती बसवूं नये. भिंतीस किंवा सिमेंटच्या ओट्यांत रोंवलेल्या नळीस बसवावी. ज्याचें घर उघड्यावर आहे व खांबाची सोय आहे त्यानें पाऊणशे किंवा नव्वद सेंटिमीटरांची घ्यावी. इतरांनीं साठाची नीट बसवून घेतली तरी चालेल.

दुसरा प्रश्न दिशेचा. तिरोड्याहून पाहिलें असतां हा उपग्रह दक्षिणेपासून सुमारें ३३ अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारें ६० अंश वर आहे. आकाश इतक्या उंचीवर मोकळें असावें लागतें, हा मोठाच फायदा. कारण थाळीहून दहा मीटर उंच असलेली चिंच किंवा मोह त्या दिशेस सहा-सात मीटरांवर असला तरी अडचण होत नाहीं. येथें एक समजूत दूर करणें अवश्य आहे. घरगुती थाळींत संकेत टिपणारी पेटी मध्यभागासमोर नसून खालच्या बाजूस असते. त्यामुळें थाळीचें तोंड जिकडे दिसतें त्याहून वीस-पंचवीस अंश वर तिची खरी दृष्टि असते. डोळ्यांच्या अंदाजानें ती वर उचलणारा माणूस चुकतो. पेटींतील संकेताचा आंकडा पाहत, बोटभर हलवून, ती लावावी लागते.

तिसरा प्रश्न पृष्ठाचा. खोडदचा नियम येथें उलट लागतो. अडीच सेंटिमीटरांच्या लहरीस कोंबड्यांची जाळी चालणार नाहीं. पृष्ठ भरीव किंवा अत्यंत बारीक छिद्रांचें व गुळगुळीत हवें. दोन-चार मिलिमीटरांचा पोचा पडला तरी किरण फोकसापासून ढळतात. म्हणून जुनी थाळी घेतांना रंगापेक्षां तिचा कांठ व वक्रता पाहावी. चौथा प्रश्न घरांतील पेटीचा. या सेवेवर जुनी एमपेग-२ व नवी एमपेग-४ अशा दोन पद्धति एकत्र नांदतात. दोन्ही उलगडणारी पेटी घ्यावी, नाहींतर कांहीं वाहिन्या दिसावयाच्या नाहींत. शेवटीं, मार्चच्या पूर्वार्धांत व ऑक्टोबरच्या आरंभीं दुपारपूर्वी कांहीं मिनिटें चित्र नाहींसें झालें तर कारागिरास दोष देऊं नये. त्यावेळीं सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागें आलेला असतो व त्याचा कोलाहल संकेताला गिळून टाकतो.

येथपर्यंत धातूची निवड झाली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एवढ्यावर थांबतां येत नाहीं. छत्रींत काय पडतें हा खरा प्रश्न आहे. निःशुल्क हा शब्द मोठा मोहक. तथापि फुकट म्हणून जगांत कांहीं मिळत नाहीं. या सेवेवरील खासगी वाहिन्या आपली जागा प्रसारभारतीच्या लिलावांत बोलीनें घेतात, आणि ती किंमत जाहिरातदारांकडून, म्हणजे अखेर साबण व तेल घेणाऱ्या प्रेक्षकाकडूनच, वसूल करितात. २०१९ सालीं नवी दरव्यवस्था येतांच मोठ्या खासगी समूहांच्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या या छत्रींतून निघून गेल्या. २०२० सालीं परतल्या. आणि एप्रिल २०२२ मध्यें पुन्हां गेल्या. छत्री तीच, खांब तोच, दिशा तीच. पण एका सकाळीं त्या घरांतील मालिका बंद. जो वर्गणी देतो त्याला ग्राहक म्हणून तक्रारीचा हक्क असतो. निःशुल्क पाहणाऱ्यास कोणाकडे दाद मागावी हेंहि उमगत नाहीं. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें चार कोटींहून अधिक कुटुंबें ही सेवा वापरीत होतीं. इतक्या मोठ्या समाजाची करमणूक एका लिलावाच्या हातोड्यावर टांगलेली असावी, ही स्थिति विचार करावयास लावणारी आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. तिरोड्याच्या घरांत या छत्रीतून सह्याद्रि वाहिनीसारख्या वाहिन्यांच्या रूपानें मराठी येते; तथापि पसारा बहुतेक हिंदीचा. ज्या सीमेवर बाजार आधींच हिंदी आहे तेथें संध्याकाळचे चार तासहि हिंदी झाले, तर लेकरांची मराठी केवळ क्रमिक पुस्तकापुरती उरण्याचा संभव आहे. हिंदीशीं आमचें वैर नाहीं. तिनें या भागास पोट दिलें आहे. प्रश्न इतकाच कीं, आकाशांतून येणाऱ्या शेंकडों स्वरांत झाडीबोलीचा, पोवारीचा, दंडारीचा स्वर किती येतो? दिवाळीनंतर झाडीपट्टींत रात्र-रात्र नाटकें होतात, तिकिटें काढून लोक तीं पाहतात. ही रंगभूमि अवकाशांत गेलेल्या कोणत्याहि उपग्रहापेक्षां आपल्या प्रेक्षकांस जवळून ओळखते. तिला या सार्वजनिक छत्रींत एक नियमित जागा मिळणें तांत्रिकदृष्ट्या मुळींच अवघड नाहीं. २०१७ पासून उच्च शिक्षणाच्या निःशुल्क वाहिन्या याच जीसॅट-१५ वरून येतात, हें लक्षांत घेतां 'जागा नाहीं' ही सबब टिकणारी नव्हे. २०२३ च्या आरंभीं केंद्रसरकारनें प्रसारण-सुधारणेसाठीं २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मान्य केली, आणि दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून अधिक पेट्या मोफत देण्याचें ठरविलें. पेटी देणें चांगलेंच. पण १९७५ सालीं जें तिरोड्यास उणें पडलें तें केवळ यंत्र नव्हतें, यंत्रांतून येणारी आपली वाणीहि होती.

आतां सुशिक्षित वाचकांस दोन शब्द. आपल्यांतील पुष्कळांच्या घरीं सशुल्क सेवा किंवा इंटरनेटवरील चित्रें येतात, आणि सरकारी छत्री ही गरिबाची सोय असें आपण मनांत धरून चालतों. सरकारी शाळांच्या बाबतींत आपण हेंच केलें. ज्यांना बोलतां-लिहितां येतें अशीं मुलें तेथून काढून घेतलीं, आणि मग शाळा खालावल्या म्हणून हळहळलों. सार्वजनिक संस्था चांगली राहते ती जागरूक लोक तिचा उपयोग करितात तोंपर्यंत. जिचे प्रेक्षक मुके, ती वाहिनीहि हळूहळू बेफिकीर होते. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या घरांत सशुल्क सेवा आहे तेथेंहि निःशुल्क छत्री एक असावी; तिच्यांत काय येतें तें पाहावें, बरें असल्यास बरें म्हणावें, आणि नसल्यास प्रसारभारतीस पत्र लिहावें. मासिक शुल्क नाहीं, खर्च एकदांच. या खर्चांत चित्रापेक्षां मोठी एक वस्तु विकत मिळते, ती म्हणजे बोलण्याचा अधिकार.

न्यायमूर्तींनीं लहरींस सार्वजनिक मालमत्ता म्हटलें. गांवची विहीर, चराऊ रान, देवराई याहि सार्वजनिक मालमत्ताच होत्या. आणि ज्या ज्या ठिकाणीं गांवानें त्यांकडे पाहणें सोडलें त्या त्या ठिकाणीं त्या दुसऱ्याच्या झाल्या किंवा आटल्या. आकाशांतील विहिरीची गोष्ट याहून निराळी असण्याचें कारण नाहीं. तिचें पाणी दिसत नाहीं म्हणून तिच्यावरील हक्क विसरणें सोपें, एवढाच काय तो भेद. तेव्हां तिरोड्याच्या गृहस्थानें थाळी नव्वद सेंटिमीटरांची घ्यावी कीं साठाची, हें त्यानें आपल्या छपराप्रमाणें ठरवावें. तोंड मात्र दक्षिणेपासून तेहतीस अंश पूर्वेकडे फिरवून स्वस्थ बसूं नये. तींत पडणारा शब्द कोणाचा, कोणाच्या भाषेंतला आणि कोणाच्या पैशानें आलेला, हें रोज तपासीत जावें.